बाजाराची पिशवी आणि अंगातले रक्त

"अंगात रक्त नाही" हे वाक्य आपल्या वस्तीत इतके अंगवळणी पडले आहे की ते एका आजाराचे वर्णन आहे हेच आपण विसरलो. निंदणीला गेलेली बाई दुपारी बांधावर बसते ती उठत नाही. दहावीतली मुलगी हापशावरून एक गुंडी आणताना दोनदा थांबते. बाळंतपणाला सहा महिने झाले तरी सुनेचा चेहरा पांढराच. आपण म्हणतो, "अंगात रक्त नाही तिच्या," आणि पुढच्या कामाला लागतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींचे रक्त कमी निघाले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या लेकरांत तर शंभरात जवळजवळ ६९. म्हणजे रक्त कमी असणे हीच जणू रीत झाली आणि पुरेसे असणे हा अपवाद.

हा पाठ चुलीजवळ बसून वाचायचा आहे. आठवडी बाजार रिसोडचा असो, मंगरूळपीरचा, मानोऱ्याचा की कारंज्याचा, तिथे जे स्वस्त मिळते त्यातूनच काय शिजवायचे, कसे शिजवायचे आणि घरात ते कोणाच्या ताटात आधी पडले पाहिजे, एवढाच विषय आहे. पण शेवटी सिकलसेलचाही मुद्दा येईल. आपल्या भागात रक्ताविषयी बोलताना तो टाळून चालत नाही.

आधी आकडा समजून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असावे, गरोदर बाईचे ११, पुरुषाचे १३. गरोदरपणी ते ७ च्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय. तिथे भाजीपाल्यावर विसंबून राहायचे नाही, थेट रुग्णालयात जायचे. तपासणीचा कागद मिळाला की घरातल्या शिकलेल्या लेकराकडून तो आकडा वाचून घ्या आणि लक्षात ठेवा. "ठीक आहे म्हणाले" एवढ्यावर समाधान मानू नका.

दुसरे दोन आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, बाईला २९. मासिक पाळीत रक्त जाते, म्हणून तिला जास्त. आणि आपल्या घरात वाढणी कशी होते? आधी माणसे, मग मुलगे, मग मुली आणि गंज खरवडून उरेल ते बाईला. भाजी संपते ती नेमकी तिच्या पाळीला, मग ती मिरचीच्या ठेच्यावर भाकर संपवते. ज्याला दीडपट लागते त्याच्या वाट्याला निम्मेही येत नाही. औषधाची गोळी याच्यावर उपाय नाही, वाढणीचा क्रम बदलणे हा आहे. वयात आलेली मुलगी आणि गरोदर सून यांच्या ताटात भाजी आधी वाढा. एवढे एक केले तरी या लेखाचे अर्धे काम झाले असे मी समजेन.

लोह दोन प्रकारचे असते. मांस, कलेजी, मासळीतले लोह अंगाला सहज लागते. पालेभाजी, डाळी, धान्यातले लोह थोडेच लागते, बाकीचे तसेच बाहेर जाते. आपल्या जुन्या पिढ्यांच्या जेवणात चान्या होत्या, रक्ती होती. त्या ताटाबद्दल शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडा असे सांगितले आणि समाजाने ते सोडले. ते मांस लादलेल्या लाचारीचे होते, ते सुटले हे योग्यच झाले. पुढे २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाचे मांसही बंद झाले. पण त्या रिकाम्या जागी काय आले? बऱ्याच घरांत चहा-टोस्ट आले, आलूचा रस्सा आला आणि पोरांसाठी पाच रुपयांची चटपटीत पुडी आली. लोहाच्या हिशेबात हा तोट्याचा सौदा आहे. जे खातात त्यांनी आठवड्यातून एकदा कोंबडीची कलेजी आणावी, ती मांसापेक्षा स्वस्त पडते. सुकट, बोंबील चालतील. अंड्यात लोह फारसे लागत नाही, पण प्रथिने उत्तम असतात. पाच रुपयांच्या दोन पुड्यांच्या पैशात एक अंडे येते. मांसाहाराचा आणखी एक फायदा असा की त्याच ताटातल्या भाजीचे लोहही अधिक लागते. जे खात नाहीत त्यांच्यासाठी पुढचे सगळे आहे, आणि खाणाऱ्यांसाठीही आहेच.

मृग बरसला की वाशिमच्या काळ्या रानात तरोटा, केना, घोळ, कुरडू, तांदुळजा उगवतो. बाजारात अंबाडीच्या जुड्या येतात, थोड्या उशिराने कर्टुले. यातल्या कितीतरी भाज्या आपल्या आज्या ओटीत खुडून आणत. आता नव्या सुनांना त्या आणायची लाज वाटते. "गरिबीची भाजी" म्हणून पोरे नाक मुरडतात. शहरात याच भाज्यांचे महोत्सव भरतात आणि तिथे लोक रांगा लावून त्या विकत घेतात, हा विनोद आपण लक्षात ठेवावा. उष्टे सोडले ते स्वाभिमानासाठी. तरोट्याची भाजी कोणाच्या उपकाराची नाही, ती सोडायचे कारण नाही.

मात्र एक इशारा मन लावून वाचा. पूर्वी बांधावरची भाजी डोळे झाकून खुडता येत असे. आता सोयाबीनमध्ये तणनाशक फवारतात, आणि तणनाशक ज्यांच्यावर मारतात ते तण म्हणजेच आपली भाजी. फवारणी झालेल्या शेतातली आणि त्याच्या धुऱ्यावरची भाजी त्या हंगामात खुडू नका. ज्या शेतात मजुरीला जाता त्या शेतात कधी काय मारले ते मालकाला विचारा. गावाच्या नालीकाठची, रस्त्याच्या कडेची आणि कचऱ्याच्या ढिगावरची नको. जी भाजी घरातली वडीलधारी बाई खात्रीने ओळखते तीच आणा, मोबाईलवरचा फोटो पाहून नवी भाजी चाखायला जाऊ नका. सगळ्यात सुरक्षित म्हणजे मोरीच्या बाजूला चार हात जागेत किंवा फुटक्या टोपल्यात अंबाडी, तांदुळजा, मेथी स्वतः टाकणे.

अंबाडीविषयी जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्या भागाची खरी भाजी आहे आणि आपण ती चुकीची शिजवतो. आपल्याकडे अंबाडी उकडून तिचे आंबट पाणी फेकून देतात. त्या पाण्याबरोबर फोलिक अॅसिड आणि 'क' जीवनसत्त्व निघून जाते. लोह अंगाला लावण्याचे काम 'क' जीवनसत्त्वच करते. तेव्हा पाणी फेकू नका.

पाच माणसांसाठी दोन जुड्या अंबाडी घ्या. देठे काढून पाने तीनदा धुवा, धुतल्यावर चिरा, चिरून धुवू नका. अर्धी वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या आणि मूठभर कच्चे फल्लीदाणे एकत्र मऊ शिजवून घ्या. पाने थोड्याच पाण्यात झाकण ठेवून पाच-सात मिनिटे उकडा आणि पाणी वाटीत निथळून बाजूला ठेवा. पाने, डाळ, कण्या रवीने घोटा. मग बाजूला ठेवलेले पाणी चव बघत बघत, सोसेल इतके त्यात परत घाला. उरलेले दुसऱ्या दिवशीच्या वरणात चिंचेऐवजी घाला, पण दिवसभराच्या पुढे ठेवू नका. हळद, मीठ घालून शेवटची दहा मिनिटे ही भाजी लोखंडी कढईत खदखदू द्या. वरून दहा-बारा लसूण पाकळ्या आणि लाल मिरचीची तेलात लाल झालेली फोडणी. ज्वारीची भाकर, कांदा, आणि असले तर फोडणीचेच वरचे दोन चमचे तेल. यापुढे हॉटेलची भाजी काय लागते!

लोखंडी कढईचे कारण असे की आंबट पदार्थ तिच्यात शिजला की कढईचे थोडे लोह भाजीत उतरते. आपल्या घरोघरी जर्मनचे गंज आले आणि लोखंडी कढई, तवा अडगळीत गेला. तो काढा, घासा. भाजी शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर ती काळी पडते आणि तोंडात लोखंडाची चव येते. कढई धुतल्यावर कोरडी करून तेलाचे बोट फिरवून ठेवा, गंज चढत नाही.

आणि चहा. जेवल्याबरोबर चहा ही सवय रक्ताची वैरी आहे. चहातले तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवते, अंगाला लागू देत नाही. चहा बंद करा असे कोणी म्हणत नाही, म्हटले तर ऐकणार कोण! पण जेवण आणि चहा यांच्यात निदान एक तासाचे अंतर ठेवा. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नका. त्याऐवजी ताटात निंबाची फोड असू द्या. उन्हाळ्यात कैरी, थंडीत आवळा किंवा पेरू, आणि बारा महिने भाजीवर कच्चा सांबार.

दिवाळी सरली की बाजार भरतो आणि भाव पडतात. मेथी, पालक, मुळा, वांगी, गाजर, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला. हरभरा महिन्या-सव्वा महिन्याचा झाला की त्याचे शेंडे खुडतात, त्याने झाडाला फांद्या फुटतात आणि खुडणाऱ्या बाईला भाजी मिळते. (इथेही फवारणी विचारून घ्या. आणि हरभऱ्याचा पाला धुवू नये ही जुनी समजूत सोडा. आंब थोडी कमी होईल, पोटात औषध जाणार नाही.) हा पाला धुऊन, पाणी निथळून, सावलीत कडकडीत वाळवून डब्यात भरला की उन्हाळ्यात आणि पावसाच्या झडीत कामी येतो, बेसन लावून किंवा डाळीत घालून. वाळवताना 'क' जीवनसत्त्व बहुतेक उडून जाते, लोह राहते. म्हणून वाळल्या भाजीवर निंबू पिळलेच पाहिजे. तुरीचे ओले सोले भाजून, लसूण-मिरची-सांबारासोबत जाडसर वाटून केलेला रस्सा तर सांगायला नको, तो घरोघरी येतो. उन्हाळ्यात चिवळीची जुडी बाजारात दिसली की घ्या, ती मातीत लोळलेली असते, चार पाण्यांतून काढा.

आता सोयाबीन. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याच्या शिवारात खरिपात बघाल तिकडे सोयाबीन दिसते. आपल्या बायका ते पेरतात, निंदतात, सोंगतात, आणि ते सगळे बाजार समितीत जाते. आपल्या गंजात एक दाणा पडत नाही. एक किलो गव्हात साधारण १०० ते १२० ग्रॅम प्रथिने असतात, एक किलो सोयाबीनमध्ये ३६० ते ४००. सोंगणीनंतर शेतात पडलेले वेचून आणलेले चार-पाच किलो सोयाबीन घरी ठेवले तर वर्षाच्या दळणाला बराच हातभार लागतो.

पण कच्चे सोयाबीन खाऊ नये, दळूही नये. त्यात प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते, ते उकळल्यानेच मोडते. पाण्याला खळखळून उकळी आणा, मगच निवडलेले सोयाबीन त्यात टाका आणि वीस-पंचवीस मिनिटे उकळा. थंड पाण्यात टाकून तापवले तर उग्र वास राहतो, लोक "सोयाबीन वास मारते" म्हणतात ते यामुळेच. पाणी काढून टाका, दाणे धुवा, उन्हात दोन दिवस खणखणीत वाळवा आणि नऊ किलो गव्हात एक किलो याप्रमाणे चक्कीवर द्या. पोळी जरा पिवळसर होते, चव बिघडत नाही. हे पीठ महिनाभरापेक्षा जास्त साठवू नका, सोयाबीनच्या तेलामुळे खवट होते. पेरणीतून उरलेले बियाणे मात्र कितीही धुतले तरी खायचे नाही. त्याला औषध चोळलेले असते, बहुधा रंगही लावलेला असतो. ते कोंबड्यांनाही घालू नका.

याच पिठाचे रोडगे करून बघा. आपल्याकडची खरी भाजणी म्हणजे रोडगे, भट्टीवाल्याच्या मैद्याच्या खारीची इथे गरज नाही. चक्कीवाल्याला पीठ जाडसर काढायला सांगा. चार वाट्या पीठ, एक जुडी मेथी बारीक चिरून, चमचाभर ओवा, मीठ, चार चमचे तेल. कोमट पाण्याने घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मोठ्या निंबाएवढे गोळे करून किंचित दाबा. अंगणात गवऱ्या पेटवा, धूर पूर्ण थांबून आरावर राख धरली की त्यात रोडगे खुपसा, मधूनमधून फिरवा. अर्ध्या तासात होतात. एक फोडून पाहा, आत ओले पीठ नको. पेटवायला प्लास्टिकची पिशवी वापरू नका, त्याचा विषारी धूर पोटात आणि छातीत जातो. गॅसवर करायचे तर जाड बुडाच्या कढईत बोटभर जाड मीठ पसरून तापवा, त्यावर ताटली, ताटलीवर रोडगे आणि वर घट्ट झाकण. मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे, एकदा उलटायचे. ते मीठ पुन्हा याच कामाला येते. सोबत वांग्याची भाजी, आणि मेथी पिठात आहेच म्हणून निंबू विसरू नका.

रेशनच्या तांदळात काही दाणे जरा वेगळे, पिवळट दिसतात आणि पाण्यावर तरंगतात. तो प्लास्टिकचा तांदूळ अशी अफवा वस्तीत फिरते आणि बाया ते दाणे निवडून टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक अॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून तसे दाणे बनवतात आणि शंभराला एक या प्रमाणात घालतात. ते टाकू नका. तांदूळ फार चोळून धुवू नका आणि पेज ओतून टाकू नका, मापाच्या पाण्यातच भात शिजवा.

आता सिकलसेल. नाव ऐकले की घरात कुजबुज सुरू होते, म्हणून उघडच लिहिते. या आजारात रक्ताच्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच संपते. म्हणून रुग्णाचे रक्त कमी असते, पण ते लोह कमी पडल्यामुळे नव्हे. हा आजार संसर्गाने होत नाही, पूर्वकर्माने होत नाही, तो आईबापांकडून येतो. मध्य भारतातील सिकलसेलविषयी डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा लेख १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. विदर्भात आदिवासी समाजांबरोबर आपल्या समाजातही हा आजार लक्षणीय प्रमाणात आढळतो. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठीही तो आहे. जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता तिथे तो टिकला, कारण एकाच पालकाकडून हा दोष आलेल्या माणसाला मलेरियाने मरण्याचा धोका कमी असे. तेव्हा यात जातीची लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

चुलीशी त्याचा संबंध काय? संबंध असा की फिक्या पडलेल्या प्रत्येक लेकराला लोहाची गोळी चारणे योग्य नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगात फुटलेल्या पेशींचे लोह शिल्लक राहते आणि वारंवार रक्त चढवले तर ते साचत जाते, यकृताला त्रास होतो. त्याला लोहाची गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील, रेशनच्या त्या तांदळाविषयीही त्यांनाच विचारा. घरची पालेभाजी, डाळ, भाकर त्याने बिनधास्त खावी. नव्या पेशी भराभर बनवायला त्याला फोलिक अॅसिड इतरांपेक्षा जास्त लागते आणि ते पालेभाजीत असते. त्याला तहान लागायची वाट न पाहता पाणी, ताक, आंबील देत राहा, वैशाखात तर दुप्पट. अंगातले पाणी आटले की पेशी अडकतात आणि हाडे ठणकतात. ताप आला तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. जो केवळ वाहक आहे, म्हणजे ज्याला एकाच पालकाकडून हा दोष आला आहे, तो आजारी नसतो. त्याचे लोह कमी असेल तर तोही इतरांसारखीच गोळी घेऊ शकतो.

लेकराचे रक्त वारंवार कमी होते, डोळे पिवळे दिसतात, हातपाय सुजून ठणकतात, थंडीत सांधे धरतात, अशी लक्षणे असतील तर आशाताईंना सांगून सिकलसेलची तपासणी करून घ्या. देशभर ही तपासणी करण्याचे अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. लग्न जुळवताना गुण पाहायचे आपण कधीच सोडले, आता रक्ताचा कागद पाहायला सुरुवात करू. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल फार तर वाहक होईल, रुग्ण होणार नाही.

वर्षावासात विहारात संध्याकाळी वाचनाला बायका-मुली जमतातच. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांना आणि आशाताईंना आधी सांगून ठेवले तर त्याच वेळी बोटाच्या थेंबावर हिमोग्लोबिन आणि सिकलसेल दोन्हीची प्राथमिक तपासणी होऊ शकते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुलगी खरेच गिळते की दप्तरात ठेवते ते विचारा. गोळीने शौच काळे होते, कधी मळमळते. ती जेवणानंतर घेतली की हा त्रास कमी होतो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी देतात, ती चुकवू नका, पोटात जंत असतील तर अंबाडीचे लोह त्यांच्याच कामी येते. गरोदर बाईने लाल गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायची आहे. बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची आहे, हा दुसरा हिस्सा बहुतेक घरांत राहूनच जातो.